बंगल्यातला पोहण्याचा तलाव : आधी जमिनीखालचे पाणी बघा

मा. संपादक,
स. न.

दिवाळी उलटली की मावळ, मुळशी, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात जेसीबी फिरू लागतात आणि त्यातले बरेच खड्डे बंगल्यांच्या आवारातल्या पोहण्याच्या तलावांचे असतात. वास्तू पुरवण्यांमधून या तलावांचे फोटो येतात. टाइलची निळाई कोणती, काठाला कोणता दगड शोभेल, रात्रीचे दिवे कसे, याची चर्चा असते. तलाव ज्याच्यामुळे टिकतो किंवा फुटतो त्याबद्दल मात्र चकार शब्द नसतो. आवारातला तलाव आतल्या पाण्याने क्वचितच बिघडतो. त्याला बिघडवते ते बाहेरचे, जमिनीतले पाणी. जिथे चार महिने धो धो पाऊस पडतो तिथे आखणीची सुरुवातच या पाण्यापासून व्हायला हवी. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

हिशेबासाठी नेहमीचा आकार धरू. आतून ३० फूट लांब, १५ फूट रुंद, पाणी सरासरी ४ फूट. म्हणजे १,८०० घनफूट, सुमारे ५१,००० लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर. पुढचे आकडे याच तलावाचे आहेत.

तळ आणि भिंती ८ इंच जाडीच्या आरसीसीच्या धरल्या, तर टाइलसकट या रिकाम्या तलावाचे वजन साधारण ५३ टन भरते. काठ जमिनीच्या पातळीला असेल तर तळाचा स्लॅब जमिनीखाली सुमारे साडेपाच फुटांवर जातो. आता जुलै-ऑगस्टमध्ये आजूबाजूच्या जमिनीतले पाणी वर चढून जमिनीखाली एका फुटावर आले असे समजा. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे नवलाचे नाही. ते पाणी तळाला खालून जवळपास ६४ टनांनी उचलू पाहते. ५३ टनांचा तलाव आणि ६४ टनांची उचल. रिकामा तलाव मग होडीसारखा वर येतो. सबंध उचलला गेला नाही, तर तळ मधोमध फुगतो, भिंत आणि तळ यांच्या सांध्यात चीर जाते, पाइप तुटतात. भरलेल्या तलावात ५१ टन पाणी असते, म्हणून त्याला काही होत नाही. घात होतो तो सफाईसाठी पावसाळ्यात उपसा केला की. ‘पाणी हिरवे झाले, पंप लावून काढून टाक’ हे वाक्य ऑगस्टमध्ये फार महाग पडते.

यातून लक्षात ठेवायचा आकडा एकच : वर हिशेबाला घेतलेल्या तलावासाठी बाहेरचे पाणी तळाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूपासून साडेतीन फुटांच्या वर असेल तर तलाव रिकामा करायचा नाही. आणि ते किती आहे हे कळायला हवे. त्यासाठी तलावाच्या बाहेर, भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, तळाच्याही खाली फूटभर जाईल असा भोके पाडलेला ६ इंच व्यासाचा पाइप उभा पुरून वर झाकण लावावे. आत टेप सोडला की पाण्याची पातळी कळते, आणि वेळ आली तर त्यातच छोटा पंप सोडून उपसाही करता येतो. या पाइपचा खर्च काठाच्या एका दगडाएवढाही नसतो, पण बहुतेक ठिकाणी तो नसतोच.

जमीन बघायची ती मे महिन्यात नव्हे. मे महिन्यात सात फूट खणले तरी खड्डा कोरडाठाक असतो आणि ठेकेदार छातीठोकपणे सांगतो की इथे पाणीच नाही. चाचणी खड्डा ऑगस्टमध्ये घ्यावा. ते जमत नसेल तर शेजारच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात कुठवर चढते ते विचारावे आणि विहिरीच्या आतल्या दगडांवरची ओल पडल्याची रेघ स्वतः डोळ्यांनी पाहावी. मुरमाखाली लगेच काळा पाषाण असेल तर विशेष सावध राहायला हवे. खडकात फोडलेला खड्डा हा एक हौदच असतो. पावसाचे पाणी मुरमातून उतरते, खडकावर अडते आणि तलावाच्या भोवती तुंबून राहते. काळ्या मातीत त्रास वेगळा आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि भिंतीला वर्षातून एकदा ढकलते. तिथे तळाखालची माती काढून मुरूम भरावा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून रोलर फिरवलेले. एकदम तीन फूट मुरूम ओतून वर पाणी सोडले म्हणजे धुमस झाली, असे होत नाही.

उचलीवर उपाय आहेत. सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपाय म्हणजे तलाव वर घेणे. दोन फूट जमिनीत, अडीच फूट जमिनीवर, भोवती चौथरा. फोटोत तो जरा उंच दिसतो, पण अलिबागच्या सखल वाडीत दुसरे काही करूच नये असे आमचे मत आहे. दुसरा उपाय : तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर चहूबाजूंनी दीड फूट वाढवणे. त्या पट्टीवर बसणाऱ्या मातीचे, पाण्यात भिजलेल्या अवस्थेतलेही, पंधरा टनांच्या आसपास वजन मिळते. तिसरा : तळाखाली सहा इंच खडी, तिच्यात ११० मिलिमीटरचा भोके पाडलेला पाइप, भोवती माती अडवून पाणी जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड, आणि तो पाइप उताराच्या बाजूला उघड्यावर सोडणे. जमीन उताराची असेल तर याला तोड नाही, कारण वीज गेली तरी पाणी वाहतेच. चौथी गोष्ट म्हणजे तळातला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की तो उघडतो आणि जमिनीतले पाणी तलावात येऊ देतो. तो जरूर बसवावा, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नये. वाळूचा एक खडा अडकला की तो उघडत नाही किंवा मिटत नाही. फायबरचे तयार तलाव वजनाला अगदी हलके असतात, त्यांना तर ही सारी काळजी दुप्पट.

जागा ठरवताना वास्तुशास्त्राचा सल्लागार ईशान्य कोपरा दाखवतो. तिथे उंबर, वड किंवा बांबूचे बेट नसेल तर हरकत काही नाही. मुळांना पाण्याचा वास लागतो आणि पानांना वाऱ्याची साथ असते. मोठ्या झाडापासून पंचवीस फूट तरी लांब राहावे. नारळाखाली तलाव घेऊ नये, याला कारण सांगायची गरज नाही. घराच्या पायापासून किमान खड्ड्याच्या खोलीइतके, शक्यतो सात-आठ फूट अंतर हवे. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा तलावाच्या वरच्या अंगाला नसावा. आणि सकाळी अकरापासून चारपर्यंत ऊन मिळेल असे पाहावे. सावलीतला तलाव डिसेंबर-जानेवारीत कोणी वापरत नाही.

खड्डा किती? आतले माप, भिंती आणि चहूबाजूंनी काम करायला दोन-दोन फूट धरले तर साधारण ३५ बाय २० फूट. खोलीत पाणी ४ फूट, वर मोकळी जागा ६ इंच, फिनिश ३ इंच, स्लॅब ८ इंच, पीसीसी (सळईशिवायचे काँक्रीट) ४ इंच, खडीचा थर ६ इंच, म्हणजे सव्वासहा फूट. माल निघतो ४४-४५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि मोकळा झाल्यावर पंचावन्नच्या घरात जातो. तो कुठे टाकायचा हे आधी ठरवा. आवारातच सपाटीकरणाला लागत असेल तर उत्तम. बाहेर न्यायचा तर गौण खनिजाच्या (माती, मुरूम, दगड यांच्या) परवान्याबद्दल तहसील कार्यालयात चौकशी करा, नाहीतर डंपर रस्त्यात अडकतो आणि काम आठवडाभर थांबते.

आता बांधकाम. नऊ इंची विटेची भिंत, आतून प्लास्टर, वर टाइल, हा प्रकार अजूनही सर्रास चालतो. ३० फुटांच्या भिंतीला चार फूट पाणी आतून जवळपास सात टनांनी ढकलते. तलाव रिकामा असताना तेच काम बाहेरची ओली माती उलट दिशेने करते. वीटकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. पहिल्याच वर्षी कोपऱ्यात उभी चीर दिसते, मग तिच्यात वॉटरप्रूफिंगचे रसायन भरले जाते आणि पुढच्या वर्षी ती शेजारी उघडते. तलाव आरसीसीचाच हवा आणि पाण्याच्या टाक्यांसाठी असलेल्या भारतीय मानक ३३७० प्रमाणे हवा. इमारतीच्या स्लॅबचा हिशेब इथे चालत नाही. इमारतीत सळई ताण घेते आणि केसाएवढी चीर चालून जाते. पाण्याच्या टाकीत ती ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. त्यासाठी सळई जाड घेऊन लांब लांब टाकण्यापेक्षा बारीक घेऊन जवळ टाकतात : १० मिलिमीटरची, ६ इंचांवर, दोन्ही दिशांनी, दोन्ही थरांत. अंतिम आकडे स्ट्रक्चरल डिझायनरचे. सळई दीड ते दोन टन लागते. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर, आणि ते सिमेंटच्या कव्हर ब्लॉकने. फरशीचे तुकडे किंवा खडी सळईखाली सरकवली की तिथूनच पुढे गंज चढतो.

काँक्रीट एम-३० या ताकदीच्या प्रतीच्या खाली नको. तळ आणि भिंती मिळून १८ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या तीन गाड्या. तळ ओततानाच भिंतीची पहिली ६ इंच उंची त्याच्याबरोबर उभी करावी. याला साइटवर किकर किंवा स्टार्टर म्हणतात. त्याच्या डोक्यावर मध्यभागी सांध्यातून पाणी जाऊ न देणारी पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी निम्मी रुतलेली, निम्मी वर राहते. भिंत आणि तळ यांचा सांधा तळाच्याच पातळीला ठेवला तर नेमका जास्तीत जास्त दाबाच्या जागी जोड येतो. वॉटरस्टॉप खिळ्याने शटरिंगला ठोकू नये, भोक पडते. सळईला तारेने बांधावी, आणि पट्टीचे जोड गरम पात्याने वितळवून करावेत. एकावर एक ठेवून बांधलेला जोड म्हणजे पाण्याला केलेली वाट. चारी भिंती एका दिवसात, खंड न पाडता ओतायच्या.

गाडी आली की मजुरांचे पहिले मागणे असते : ‘थोडं पाणी मारा, माल सरकत नाही.’ सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीला २२ लिटरच्या आसपास पाणी ही मर्यादा आहे. त्यावर पाच लिटर वाढले तर माल छान सरकतो, आणि ते जास्तीचे पाणी पुढे उडून गेले की त्याच्या जागी बारीक नळ्यांचे जाळे राहते. माल सैल हवा असेल तर प्लांटमधूनच प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) वाढवून मागवावा. व्हायब्रेटरची सुई दाट सळयांत शिरेल अशी बारीक, २५ मिलिमीटरचीही जवळ असावी आणि एक जास्तीचा व्हायब्रेटर तयार ठेवावा, कारण पहिला ऐन वेळी बंद पडतो. शटरिंग उघडल्यावर हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या, दिसल्या तर गवंडी लगेच थापीने सिमेंट फासून मोकळा होतो. तसे होऊ न देता तो भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडावा आणि न आकसणाऱ्या (नॉनश्रिंक) ग्राउटने भरावा.

सगळे पाइप, स्किमर (वरचे पाणी आणि पाला ओढून घेणारे भिंतीतले तोंड), तळाचे ड्रेन, दिव्यांचे डबे काँक्रीट ओतण्यापूर्वी जागेवर हवेत आणि भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला मध्यावर पडल फ्लँज (पाणी अडवणारी चकती) हवी. नंतर कोअर कटरने भोक पाडून पाइप घातला आणि भोवती एपॉक्सी भरले तर ते दोन उन्हाळे टिकते. शटरिंगचे आरपार बोल्टही असेच. बोल्ट काढून राहिलेली भोके बाहेरून-आतून नुसत्या मसाल्याने बुजवली की भिंतीवर ओळीने ओले ठिपके उमटतात. मधोमध पाणी अडवणारी चकती असलेले टायरॉड मिळतात, ते वापरावेत. क्युरिंग किमान चौदा दिवस : तळावर पाणी तुंबवून, भिंतींवर ओले गोणपाट टाकून. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिडकावा करणे म्हणजे क्युरिंग नव्हे. दुपारी तेच काँक्रीट भाजून निघते.

यानंतर टाइल नाही, मातीचा भरावही नाही. आधी पाणी भरून बघायचे. एका दिवसात एक तृतीयांश असे तीन दिवसांत भरावे, म्हणजे भिंतींवर एकदम भार येत नाही. काँक्रीट सुरुवातीला पाणी पिते, म्हणून आठवडाभर थांबून मग खूण करावी. उडून जाणारे पाणी वजा करायला सोपी युक्ती आहे : पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतले आणि बाहेरचे पाणी एकाच पातळीला, दोन्हीकडे खूण. चोवीस तासांत दोन्हीकडची घट सारखी असेल तर ते ऊन-वारा; तलावाची घट जास्त असेल तर गळती. भिंती बाहेरून उघड्या असल्यामुळे गळती कुठे आहे हेही तेव्हाच दिसते. भराव टाकल्यावर आणि टाइल लावल्यावर तीच शोधायला पाच टँकर आणि दोन महिने जातात. ठेकेदाराला ही चाचणी नको असते, कारण तीन आठवडे मजूर बसून राहतात. करारात ती लिहून घ्यावी.

वॉटरप्रूफिंग आणि टाइलबद्दल थोडक्यात. तळ-भिंतीच्या कोपऱ्यात पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचा वाटा (गोलाई) मारून मग सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा इथे कामाचा नाही. टाइल ०.५ टक्क्याहून कमी पाणी शोषणारी किंवा काचेची मोझॅक, पॉलिमरवाल्या अॅडहेसिव्हने चिकटवलेली, सांधे एपॉक्सीचे. सिमेंटची रबडी ओतून लावलेल्या टाइलमागे पोकळ्या राहतात. मे महिन्यात तलाव रिकामा करून उन्हात ठेवला की या टाइल फटाफट सुटतात. काठाभोवतीच्या फरशीला उतार तलावाकडे नको, बाहेर हवा, ५० फुटांना एक फूट.

स्किमर की ओव्हरफ्लो? लोणावळ्याच्या कड्यावरचा काठावरून सांडणारा ‘इन्फिनिटी’ तलाव सगळ्यांनाच हवा असतो. त्याला सांडलेले पाणी धरायला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते, या आकाराला तीन ते पाच हजार लिटरची. काठ दोन-तीन मिलिमीटरच्या आत समपातळीत नसेल तर पाणी एकाच कोपऱ्यातून सांडते आणि बाकीचा काठ कोरडा राहून शेवाळतो. पाणी उडण्याचे प्रमाणही वाढते. घरच्या तलावाला दोन स्किमर पुरतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणून ते पूर्वेच्या भिंतीत घ्यावेत. पाला वाराच त्यांच्या तोंडी आणून देतो. पावसाळ्यासाठी स्किमरच्या वर एक १०० मिलिमीटरचा सांडवा पाइप हवा. घाटमाथ्यावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस होतो तेव्हा या तलावात ८,४०० लिटर पाणी वरून पडते, आजूबाजूचे वाहून येणारे वेगळे.

फिल्टरचा हिशेब सोपा आहे. सहा तासांत सगळे पाणी एकदा गाळले जावे असे धरले तर ताशी ८,५०० लिटर. वाळूच्या फिल्टरमधून पाण्याचा वेग ताशी ३० मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे ६०० मिलिमीटर, २४ इंच व्यासाचा फिल्टर नेमका बसतो. आत ०.५ ते ०.८ मिलिमीटरची सिलिका वाळू, सव्वाशे ते दीडशे किलो. पंप एक अश्वशक्तीचा. बऱ्याच ठिकाणी १६ इंची फिल्टर आणि दोन अश्वशक्तीचा पंप दिसतो. पंप मोठा म्हणजे पाणी स्वच्छ, असा समज. पाणी वाळूतून इतक्या जोरात जाते की घाण अडकतच नाही, उलट वाळू तलावात येते. ओढणारा पाइप ६३ मिलिमीटरचा, परतीचा ५० चा. प्रेशर गेजवर धुतलेल्या फिल्टरचा आकडा मार्करने लिहून ठेवावा आणि त्यावर अर्धा-पाऊण किलो दाब वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुणे. तीन मिनिटांत पाचेकशे लिटर पाणी जाते. ते क्लोरीनचे असते, विहिरीकडे सोडू नये. फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा पंप चालू असताना फिरवला की आतले गॅस्केट फाटते आणि तलाव गुपचूप बॅकवॉशच्या पाइपातून रिकामा होत राहतो. गळती म्हणून टाइल उखडण्याआधी तो पाइप बघावा. पंपाची खोली खड्ड्यात असेल तर तिच्यात छोटा सम्प (पाणी गोळा होणारा खड्डा) आणि आपोआप चालू होणारा पंप हवाच. पहिल्या मोठ्या पावसात मोटर जळण्याचे कारण हेच असते.

तळाला ड्रेन एक नको, दोन, एकमेकांपासून किमान तीन फुटांवर, एकाच पाइपला जोडलेले, आणि वर घुमटाकार जाळी. एकच ड्रेन असेल आणि त्यावर मुलाची पाठ किंवा केस बसले तर पंपाची ओढ मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेने यासाठी २००७ साली स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे ही जाळी अजून ‘अॅक्सेसरी’ म्हणून वेगळी लावली जाते.

पाणी कुठून येणार, हा प्रश्न पाच टँकरवर संपत नाही. देशावर एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ मिलिमीटर पाणी सहज उडते. म्हणजे रोज ३३५ लिटर, महिन्याला एक टँकर, बॅकवॉश वेगळा. टंचाईच्या वर्षी पाण्यावरून पहिले बोट तलावाकडे दाखवले जाते आणि ते योग्यच आहे. रात्री झाकण घातले तर ही घट बरीच कमी होते.

बोअरचे पाणी भरण्यापूर्वी तपासून घ्यावे. आपल्या काळ्या दगडातले पाणी पुष्कळदा जड असते. लोह असेल तर क्लोरीन टाकताच स्वच्छ पाणी चहासारखे तांबूस होते आणि मालक घाबरतो. अशा वेळी अर्धा ते एक किलो तुरटी विरघळवून सगळीकडे टाकावी, रात्रभर पंप बंद ठेवावा आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा. रोजचे माप : सामू (पीएच) ७.२ ते ७.६, मोकळे क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवणारा क्षारपणा) ८० ते १२० पीपीएम. या तलावात १ पीपीएम क्लोरीन वाढवायला टीसीसीए-९० हे ९० टक्के क्लोरीन देणारे रसायन साधारण ५७ ग्रॅम लागते. टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या, पण प्रत्येक पीपीएम क्लोरीनमागे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात राहते आणि ते उडत नाही. चार महिने रोज २ पीपीएम टाकले तर ते १४० च्या वर जाते. मग ते क्लोरीनला बांधून ठेवते, चाचणीत क्लोरीन दिसते आणि तरीही शेवाळ धरते. पाणी बदलणे हाच उपाय. आपल्याकडे पावसाळा हे काम आपसूक करतो. ब्लीचिंग पावडरने तळाला पांढरा साका आणि जडपणा वाढतो. शेवाळावर मोरचूद टाकण्याची रीत सोडावी. टाइलवर निळे-काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, एका मगाने, कधीच नाही : आग लागते. आम्लाचा कॅनही त्यांच्या शेजारी ठेवू नये.

विजेचे काम तलाव बांधणाऱ्याच्या पोऱ्याकडे सोपवू नये. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर लांब पंपाच्या खोलीत. ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. शिडी, रेलिंग, स्लॅबची सळई हे सारे एकमेकांना जोडून अर्थिंगला. काठापासून साडेतीन मीटरच्या आत साधा सॉकेट नको. पार्टीचा स्पीकर तिथेच लावला जातो.

आणि कुंपण. शनिवार-रविवारी भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांच्या तलावात लहान मुले बुडाल्याच्या बातम्या आपण छापता. त्यातल्या तलावांना ‘पालकांनी लक्ष द्यावे’ अशी पाटी असते, कुंपण नसते. चार फूट उंच, उभ्या गजांचे, दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. आडवे गज म्हणजे शिडी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे, स्वतःहून मिटणारे, कडी पाच फुटांवर. खोली साडेतीन ते साडेचार फूट पुरते, मध्येच एकदम खोल होणारा उतार नको, आणि सूर मारायची फळी घरच्या तलावाला लावूच नये. पावसाळ्यात तलाव न वापरताही क्लोरीन आणि पंप चालू ठेवावा. तसा सोडून दिला तर डेंग्यूच्या डासांची पैदास होते. ते जमणारच नसेल तर क्लोरीन पूर्ण बंद करून गप्पी मासे सोडावेत, दोन्ही एकत्र चालत नाही.

एक इशारा शेततळ्याबद्दलही. ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचे शेततळे तयारच आहे, तेच पोहायला वापरू, असा विचार आता कृषी पर्यटनाच्या ठिकाणी दिसतो. उतरते काठ आणि शेवाळलेले प्लास्टिक यावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यात दोर, टायर आणि कुंपण ठेवावे. पोहण्यासाठी ते नाही.

आपल्या वर्तमानपत्राच्या माध्यमातून दोन गोष्टी नगर परिषदा आणि विकास प्राधिकरणांपुढे मांडाव्यात. परवानगीच्या नकाशावर तलाव म्हणजे एक निळा आयत असतो. त्याच्यासोबत पावसाळ्यातली भूजल पातळी आणि उचलीचा हिशेब, डिझायनरच्या सहीसह, मागावा. आणि भाड्याने जाणाऱ्या बंगल्याला कुंपण व दुहेरी ड्रेन पाहिल्याशिवाय तलाव वापरायची मुभा देऊ नये. बांधणाऱ्यांनी आपल्यापुरते वेळापत्रक असे ठेवावे : ऑगस्टमध्ये चाचणी खड्डा, नोव्हेंबरमध्ये खोदाई, डिसेंबरमध्ये काँक्रीट, जानेवारीत पाणी भरून चाचणी, फेब्रुवारीत टाइल. आणि ठेकेदाराचे शेवटचे दहा टक्के पैसे पहिला पावसाळा उलटून दसऱ्यानंतर द्यावेत, असे करारात पहिल्याच पानावर लिहावे.

आपला,
एक वाचक (स्थापत्य अभियंता), तळेगाव दाभाडे